अक्का, तंगी आणि नाडीअण्णा

आमचे सर कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की त्याचं मनगट हातात घेत, बोटं नाडीवर टेकवत आणि मान जराशी तिरकी करून लांब कुठेतरी बघत राहत. समोरचा बिचारा हात सोडवून घ्यावा की तसाच ठेवावा या पेचात पडे. मग सर हात सोडत आणि म्हणत, "सरी. आता बोला." सरी म्हणजे कानडीत ठीक. नव्या माणसाला वाटायचं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. जुन्यांना ठाऊक होतं की हा यांचा रामराम आहे.

पोस्टमन, दूधवाला, कॉलेजचे प्रिन्सिपॉल, कुणाचीही यातून सुटका नव्हती. एकदा बंगळूरात बसवनगुडीच्या बसमध्ये त्यांनी तिकीट देणाऱ्या कंडक्टरचाच हात धरला. कंडक्टरला वाटलं, हा म्हातारा आता सुट्ट्या पैशांवरून भांडणार. तो तावातावाने कानडीत सुरू झाला. सर बोटं टेकवून शांत उभे. "रागावल्यावर किती सुरेख पळते बघ," ते मला मराठीत म्हणाले, आणि मग त्याला कानडीत विचारलं, की बाबा, जिना चढताना तुला दम लागतो का. पुढच्या स्टॉपवर आम्हाला उतरवण्यात आलं. उरलेली वाट चालताना सर त्याच्या नाडीचंच कौतुक करत होते आणि मी त्यांची छत्री बसमध्ये राहिली म्हणून हळहळत होतो.

विद्यार्थी त्यांना पाठीमागे नाडीअण्णा म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. मलाही ते फार आवडत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घेतोय असं कुणाला वाटलं तर ते खरंच आहे.

मी बेळगावचा. डॉक्टरकी पास होऊन मी बंगळूरला एका मेडिकल कॉलेजात नोकरी मागायला आलो, तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. शरीरक्रियाशास्त्र विभागात मुलांकडून प्रयोग करून घेण्याची जागा होती आणि सर त्या विभागाचे प्रमुख. रात्रभर गाडीत बसून आलेला, कपड्यांची घडी मोडलेली, असा मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. माझी प्रमाणपत्रं त्यांनी टेबलावर पालथी घातली आणि मनगट धरलं.

"झोपला नाहीस तू. आणि मला भितोयस. भिऊ नको, नोकरी दिली," ते म्हणाले. हात अजून सोडला नव्हता. जरा वेळाने त्यांचा चेहरा फुलला. "हां. आता अक्का उठली."

मी दाराकडे वळून बघितलं. मला वाटलं, त्यांची थोरली बहीण आली असेल.

ही अक्का कोण ते मला पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात कळलं. हृदयाला मेंदूकडून दोन तऱ्हेच्या नसा येतात. एक त्याला पळवते, दुसरी आवरते. पुस्तकांत त्यांची लांबलचक नावं आहेत. सरांनी पळवणारीचं नाव तंगी ठेवलं होतं, म्हणजे कानडीत धाकटी बहीण, आणि आवरणारीचं अक्का. सरांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरकडचं. त्यांच्या मराठीत कानडी शब्द इतके सहज येत की कुठला कुठला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"घरी पाहुणा आला," सर वर्गात सांगत, "की तंगी आधी धावते. दार उघडते, चूल पेटवते, दोन भांडी पाडते. तिच्याशिवाय घर चालत नाही. पण ती एकटीच असली तर घर जळेल. म्हणून आत अक्का असते. ती काही करत नाही. नुसती म्हणते, स्वल्प हळू गं. तुमचं हृदय बरं चाललंय म्हणजे या दोघींचं बरं चाललंय." वर्गात सगळं इंग्रजीतून चाले, हा भाग मात्र कानडीत, आणि मराठी पोरं दिसली तर त्यांच्यासाठी पुन्हा मराठीत. परीक्षेत पोरं बिनदिक्कत अक्का आणि तंगी लिहीत. एका वर्षी मद्रासहून आलेले परीक्षक उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे आले आणि या दोन बायका कोण असं विचारू लागले. सरांनी त्यांचं मनगट धरलं. "तुमच्यात दोघी आहेत," ते म्हणाले, "पण अक्काला जरा विश्रांती कमी मिळते. कॉफी किती पिता?"

माझ्या लग्नाला ते बेळगावला आले होते. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि माझ्या मागे येऊन उभे राहिलेले सर. अक्षता टाकायच्या सोडून त्यांनी माझा हात धरला. मग माझ्या सासऱ्यांकडे वळून मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुलगा घाबरलेला आहे. चांगला आहे. न घाबरणारा असता तर मी तुम्हाला अजून विचार करा म्हटलं असतं." बायको अजून ते ऐकवते.

सरांचा खरा जीव मात्र गुंतला होता तो वाढत्या वयाच्या मुलांत. त्या काळी ब्लडप्रेशर हे म्हाताऱ्यांचं दुखणं समजत. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं जास्त निघालं तर डॉक्टर म्हणत, यंत्र बिघडलंय. सर म्हणत, यंत्र ठीक आहे, पोराकडे बघा. शाळांतून, ओळखीच्या डॉक्टरांकडून अशी पोरं शोधून ते आपल्या बसवनगुडीच्या घरी बोलवत. त्यांचा सिद्धान्त साधा होता. या वयात तंगी अंगात आल्यासारखी वागते आणि काही पोरांत अक्का गाढ झोपलेली असते. तिला उठवता आलं तर औषधाची गरज नाही.

घराच्या मागच्या बाजूला लाल फरशीची पडवी होती. तिथे डॉक्टरचा कोट घालून यायची मलाही बंदी होती. पोरगं आलं की सर त्याच्याशी चौकाबारा खेळायला बसत. चौकाबारा म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या घरी न्यायच्या, इकडे घरोघर खेळतात तो खेळ. सर हरेपर्यंत ब्लडप्रेशर घ्यायचं नाही असा नियम. "पहिला आकडा डॉक्टरचा असतो, पोराचा नव्हे," ते म्हणत. त्यामुळे ते हरण्यासाठी खेळत, आणि हरल्यावर कपाळाला हात लावून असे काही बसत की पोरांना त्यांची दया येई. मग दंडाला पट्टा बांधायचा. आडवं व्हायचं, उभं राहायचं, लांब श्वास घ्यायचा, आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचा. गांधी बझारच्या सोडावाल्याकडून गोणपाटात गुंडाळून बर्फ आणायचं काम माझं. गार पाण्याने तंगी कशी दचकते आणि मागोमाग अक्का किती वेळात येते, ते सर नाडीवर बोट ठेवून ऐकत. ऐकत असंच म्हणावं लागेल, कारण त्या वेळी ते डोळे मिटून घेत.

पोरांना हा सगळा प्रकार फार आवडे. सरांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, ताटलीभर कोडबळे घेऊन येत. या खमंग कड्यांसाठी काही पोरं बरी झाल्यावरही येत राहिली. काकू म्हणत, "ह्यांचे पेशंट बरे होतात की नाही मला ठाऊक नाही, जाडे मात्र होतात."

एका बाबतीत सर जुन्या वळणाचे होते, म्हणजे अगदी जुन्या. मुलगी तपासायला आली तर तिची आई शेजारी हवी. दंडाचा पट्टाही आईनेच बांधायचा. मनगट आणि मानेची नाडी सोडली तर ते मुलीला कुठे हात लावत नसत आणि परकराच्या काठाकडे त्यांची नजरही जात नसे. छातीचे ठोके ऐकायची वेळ आली की आईने नळीचं टोक धरायचं आणि सरांनी तोंड भिंतीकडे करून ऐकायचं. आम्ही त्यांना त्यावरून चिडवत असू. त्यांना पाहून मीही तसंच करायला लागलो होतो.

इंदू आली ती तिच्या आईबरोबर. तिचे वडील चिक्कपेटेत शिंपीकाम करत. तेही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, त्यामुळे सरांना पहिल्याच दिवशी अण्णा म्हणू लागले. इंदूचं डोकं दुखे, नाकातून रक्त येई, आणि दंडाला पट्टा बांधला की पारा असा चढे की मी दोनदा पट्टा सोडून पुन्हा बांधला. तेरावं वर्ष, अंगाने बारीक, बोलायला फटकळ. चौकाबाऱ्यात ती सरांना खरंच हरवी. सरांनी हरायला सुरुवात करायच्या आधीच तिच्या सोंगट्या घरी पोचलेल्या असत. हे त्यांना मुळीच आवडत नसे.

"अण्णा, तुम्ही मुद्दाम हरता की," एकदा ती म्हणाली. "मुद्दाम कशाला? मी आहेच की हरवायला."

तिच्यात अक्का कशानेच उठत नव्हती. लांब श्वास घे, उभी राहा, बर्फात हात घाल, मानेवर हलकेच दाब द्या. जी नाडी जरा तरी ढिली पडायला हवी, ती जशीच्या तशी. सर दुःखीही होते आणि खूषही होते. त्यांच्या सिद्धान्ताला इतका चोख पुरावा आजवर मिळाला नव्हता. मद्रासच्या परिषदेत वाचायचा निबंध त्यांनी तिच्यावरच बेतला. एकदा इंदूने सांगितलं, शाळेत धावलं की पोटऱ्या दुखतात. सर म्हणाले, "पोटऱ्या राहू देत. डोकं दुखतं का ते सांग."

सर्पगंधेच्या गोळ्या तेव्हा नव्याने निघाल्या होत्या. त्या तिला दिल्या. पारा थोडा उतरला, पण त्याबरोबर पोरगीच उतरली. कोपऱ्यात बसून राही, विनाकारण रडे, सरांना हरवणंही तिने सोडलं. तिच्या आईने एक दिवस पडवीत येऊन सांगितलं, "अण्णा, डोकं दुखू दे हवं तर. पण ही आमची इंदू नव्हे." गोळ्या बंद केल्या. पारा पुन्हा वर.

मग मोठ्या इस्पितळातल्या एका सर्जननी उपाय सुचवला. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या त्या नसा, म्हणजे सरांची तंगी, कापून टाकायच्या. तेव्हा हे ऑपरेशन करत असत. मोठं, दोन टप्प्यांत होणारं, आणि एकदा कापलं की परत जोडता येत नाही असं. उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, जन्मभर. पण काही केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन पोर हातची जाईल, हेही खरं होतं. सरांनी बरेच दिवस घेतले. अखेर हो म्हणाले. ज्यांनी आयुष्यभर घर दोघींचं म्हणून सांगितलं ते एकीला कायमचं गप्प करायला तयार झाले होते, आणि त्यांचं जेवण सुटलं होतं. इंदूचे वडील म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं." दसरा झाला की इस्पितळात भरती करायचं ठरलं.

सरांच्या घरी नवरात्रात अष्टमीला कुमारिकांना देवी मानून जेवायला घालत. त्या वर्षी काकूंनी इंदूला बोलावलं. कुणी विचारलं तर त्या म्हणाल्या, "पोरीचं एवढं मोठं काम व्हायचंय. देवीच्या तोंडचा आशीर्वाद तिचा तिलाच मिळू दे." मला वाटतं, ऑपरेशनच्या आधी तिला एकदा पोटभर वाढावं एवढंच त्यांच्या मनात असावं. आमच्या घरीही निरोप आला होता. बायको माहेरी गेली होती, मी एकटाच गेलो.

त्या घराची रीत अशी की कुमारिकेचे पाय घरच्या कर्त्या पुरुषाने धुवायचे आणि बायकोने पाणी घालायचं. पाटांवर दोघी मुली बसल्या होत्या. इंदू, आणि काकूंच्या भावाची नात. सर सोवळं नेसून ताम्हणासमोर बसले. आधी इंदूचे पाय. काकूंनी पाणी घातलं, सरांनी धुतले, पुसले, कुंकू लावलं. आणि कुंकू लावता लावता त्यांची बोटं सवयीने पावलाच्या वरच्या बाजूला, नाडी लागते तिथे, जाऊन बसली.

ती तिथून उठेनात.

"पुढे चला की," काकू म्हणाल्या.

"स्वल्प थांब."

त्यांनी बोटं जरा सरकवली. मग दुसरं पाऊल घेतलं. मग घोट्याच्या मागे चाचपलं. इंदू गुदगुल्या होऊन हसायला लागली. सरांनी तिचं मनगट धरलं, तिथे तर नाडी दारावर थाप मारल्यासारखी उडत होती. पुन्हा पाऊल. मग शेजारच्या छोटीचं पाऊल घेतलं, आणि लगेच सोडलं. तिथे नाडी लागत होती.

"इकडे ये," त्यांनी मला हाक मारली. आवाज अगदी खाली गेलेला. "हात धुऊन ये."

मी देवघरात पूजेच्या मधोमध उकिडवा बसलो आणि त्या कुंकू लावलेल्या पावलावर बोटं ठेवली. पाऊल गार होतं. नाडी लागत नव्हती. मी सरांकडे बघितलं. त्यांना जे कळलं होतं ते मलाही कळलं.

इंदूचा आजार नसांचा नव्हताच. हृदयातून निघून खाली जाणारी जी मोठी रक्तवाहिनी असते, ती तिची जन्मापासून एका जागी आवळलेली होती. वरच्या अंगात रक्ताचा दाब मावत नव्हता आणि खाली पायांपर्यंत जेमतेम झिरपत होतं. म्हणून डोकं दुखत होतं, म्हणून पोटऱ्या दुखत होत्या. तिची अक्का झोपलेली नव्हती. जन्मापासून त्या दाबात राहून तिला तोच खरा वाटायला लागला होता. असल्या आजाराची खूण सोपी असते. हाताची नाडी बघा, पायाची बघा, दोन्हींत फरक पडतो. कुठल्याही विद्यार्थ्याला हे जमेल. पण मुलगी म्हणून कुणी तिच्या पायांना हात लावला नव्हता. सरांनी नाही, मी नाही, मोठ्या इस्पितळातल्यांनीही नाही.

"पूजा पुरी करा," काकू हळूच म्हणाल्या. "पोरी भुकेल्या आहेत."

सरांनी पूजा पुरी केली. इंदूला स्वतः होळिगे, म्हणजे पुरणपोळी, वाढली, वर तूप घातलं, अजून घे म्हणाले. मग हात धुवायला म्हणून बाहेर गेले ते मागच्या पायरीवर बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मी तिची मान बघितली," सर म्हणाले. "डोळे बघितले. बर्फात हात घालून घेतला. खाली बघितलं नाही. देवीचे म्हणून पाय धरायला मिळाले नसते तर मी त्या पोरीची पाठ कापायला दिली असती." आणि ते ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मांडीला पट्टा बांधून बघितलं. पायात दंडापेक्षा दाब जरा जास्तच असायला हवा. इंदूचा निम्म्याहून कमी. एक्स-रेनेही तेच सांगितलं. सर स्वतः त्या सर्जनकडे गेले आणि ऑपरेशन रद्द करायला सांगितलं. सर्जन तिरसट होते. एवढे दिवस तुम्ही तिला काय तपासत होता, असं त्यांनी माझ्यासमोर विचारलं. सर म्हणाले, "मला हवं होतं तेवढंच."

इंदूच्या वडिलांकडे जाणं त्याहून अवघड होतं. दसरा-दिवाळीचे दिवस, दुकानात कपड्यांचे ढीग. सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, चूक माझी आहे हे दोन वेळा सांगितलं, आणि मग हात बांधून उभे राहिले. शिंपीदादांनी गळ्यातला टेप काढून ठेवला.

"चुकतंय की अण्णा," ते म्हणाले. "आम्हीपण बेतताना चुकतो. कात्री लावली नाही ना अजून? मग सरी. आता कुठे जायचं ते सांगा."

मुंबईला एका इस्पितळात आवळलेली रक्तवाहिनी कापून पुन्हा शिवायचं ऑपरेशन होऊ लागलं होतं. फार झाली नव्हती, आणि सगळीच यशस्वी झाली होती असंही नाही. हे सरांनी त्यांच्यापासून लपवलं नाही. मद्रासचा निबंध त्यांनी परत मागवला. त्याऐवजी वर्गात जाऊन पोरांना जोड्या करून एकमेकांच्या पायाची नाडी शोधायला लावली. त्या तासाला जो गोंधळ झाला, मोजे काढायला कोण लाजतंय, कुणाच्या पायाला वास येतोय, त्याने प्रिन्सिपॉल धावत आले. सरांनी त्यांनाही बूट काढायला लावले.

सणाच्या कामामुळे इंदूच्या वडिलांना दुकान सोडता येईना. मुंबईला गेलो ते इंदू, तिची आई, सर आणि मी. इंदूची आई बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. गाडीत ती मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. सर तिला वाटेतली स्टेशनं सांगत होते आणि इंदू कवड्या खुळखुळवत सरांना डाव मांडायला सांगत होती. त्या प्रवासात सर एकदाही मुद्दाम हरले नाहीत. सगळे डाव खरेच हरले.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. त्या इस्पितळात सरांना ओळखणारं कुणी नव्हतं. सोग्याचं धोतर नेसलेला, मराठीत मधेच कानडी बोलणारा एक म्हातारा, एवढंच लोकांना दिसत होतं. ते बाकावर बसले होते. इंदूची आई समोर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, बाकावर बसायला तयारच नव्हती. दुपार झाली. मी चहा आणला, तो तिघांपुढेही निवून गेला. मग एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, झालं, शिवून झालं, पण आज काही सांगता येणार नाही. टाके धरायला हवेत.

आम्हाला आत जाऊ दिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. इंदू नळ्यांच्या गराड्यात पडली होती. ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. सर पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

"बाळ, पायाला हात लावू का?"

तिने मान हलवली. सरांनी चादर घोट्यापर्यंत सारली आणि बोटं ठेवली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला काही समजत नव्हतं, कारण त्यांचा चेहरा मुळी हलतच नव्हता. मग ते बाजूला सरकले. मला वाटलं, आता मला बोलावतील. पण ते इंदूच्या आईकडे वळले.

"ताई, इकडे या. इथे बोटं ठेवा. दाबू नका, सुम्ने, नुसती ठेवा."

तिने पदराला हात पुसले आणि लेकीच्या पावलावर बोटं टेकवली. आधी तिला काहीच कळलं नाही. मग तिने दचकून सरांकडे बघितलं.

"हे काय हलतंय, अण्णा?"

"तिचं रक्त. पायापर्यंत पोचलं."

"आधी हे नव्हतं?"

"नव्हतं. कधीच नव्हतं."

ती खाली बघत राहिली. "हे आता असंच चालेल की?"

"चालेल," सर म्हणाले. "तुम्ही, मी, आपण सगळे गेल्यावरही चालेल."

नर्सने येऊन वेळ संपली म्हणून सांगितलं. त्या माउलीने बोटं उचलली नाहीत, आणि सरांनी तिला उठवलं नाही.